पाहुण्यांसाठीची हवेची गादी सकाळपर्यंत का बसते? कारण कसं ओळखायचं, दुरुस्त कसं करायचं, नवी घेताना काय बघायचं

रात्री अकराला टणटणीत फुगवलेली गादी पहाटे चारपर्यंत मधोमध खोलगट होते. झोपणाऱ्याची कंबर आणि खांदा फरशीला टेकतात, आणि सकाळी चहाच्या वेळी पाहुणा ‘छान झोप लागली’ म्हणत पाठ चोळत उभा असतो. घरात लगेच पंक्चरची शोधाशोध सुरू होते. ते सापडत नाही, मग गादी माळ्यावर जाते आणि गणपतीत माणसं आली की तोच प्रकार पुन्हा घडतो.

पंक्चर हे कारण असू शकतं, पण ते अनेक कारणांपैकी एक आहे. नवी गादी ताणते, खोली गार झाली की आतली हवा आकसते, व्हॉल्व्हच्या कडेला केस किंवा कचरा अडकतो, वरचा आणि खालचा थर धरून ठेवणारा आतला पडदा सुटतो. प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. ताणलेल्या गादीवर पॅच शोधत बसण्यात एक रविवार जातो आणि पडदा सुटलेल्या गादीवर सोल्युशन फुकट जातं. म्हणून आधी कारण ओळखायचं, हात मग घालायचा.

परातीची चाचणी

ही चाचणी पाहुणे येण्याच्या चार दिवस आधी करावी. गादी संध्याकाळी पूर्ण फुगवा आणि मधोमध मोठी परात ठेवून त्यात १० किलो तांदळाची पिशवी ठेवा. फरशीपासून परातीच्या काठापर्यंतची उंची पट्टीने मोजा, कागदावर लिहा आणि परात उचलून घ्या. रात्रभर गादीवर कोणीही झोपायचं नाही. सकाळी उठल्याबरोबर तीच परात, तेच तांदूळ ठेवून मोजा. दुपारी पुन्हा एकदा मोजा आणि संध्याकाळी त्याच वेळेला आणखी एकदा. मग कमी झालेली हवा भरून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी हेच करा.

आता आकडे बघा. सकाळी उंची कमी आणि दुपारी पंप न लावताच परत वाढलेली असेल, तर गादी धडधाकट आहे, फक्त खोली गार झाली होती. चोवीस तासांनी उंची कमी झाली, पण दुसऱ्या दिवशीची घट पहिल्यापेक्षा कमी आणि तिसऱ्या दिवशीची नगण्य, तर प्लास्टिक ताणत होतं आणि आता बसलं. तिन्ही दिवस घट सारखीच असेल, तर हवा कुठून तरी नक्की जाते आहे. अशा वेळी शोध घ्यायचा, पण तो व्हॉल्व्हपासून. आणि गादीच्या पाठीवर मोठा फुगा आला असेल तर चाचणीची गरजच नाही, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

नवी गादी ताणते, आणि ती ताणायलाच हवी

या गाद्या पीव्हीसीच्या, म्हणजे व्हायनिलच्या असतात. जाडी जेमतेम एक तृतीयांश ते अर्धा मिलिमीटर. नवं व्हायनिल दाबाखाली पहिले काही तास हळूहळू लांबत राहतं. आतली हवा तेवढीच असते, पण पिशवी मोठी होते, म्हणून गादी मऊ लागते. खोक्यातून काढलेली गादी त्याच रात्री पाहुण्याला दिली की ‘पहिल्याच दिवशी हवा गेली’ ही तक्रार ठरलेली.

उपाय सोपा आहे. पाहुणे येण्याआधी दोन रात्री गादी फुगवून तशीच ठेवायची आणि सकाळ-संध्याकाळ थोडी हवा भरत राहायची. नव्या व्हायनिलचा उग्र वासही याच दोन दिवसांत बराचसा उडतो, खिडकी मात्र उघडी ठेवा. पहिल्या वेळी अगदी ढोलासारखी टाइट करू नका. नव्वद टक्क्यांपर्यंत भरा, तासाभराने उरलेली भरा.

गारवा: न दिसणारं कारण

संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये ३२ अंश असतात. गादी भरली जाते, रात्री एसी २४ वर लागतो. आठ अंश उतरले की आतली हवा साधारण अडीच टक्के आकसते. हे किरकोळ वाटेल, पण क्वीन आकाराच्या गादीत (१५२ सेंमी रुंद, २०३ सेंमी लांब, २५ सेंमी उंच) सुमारे ७७० लीटर हवा मावते. तिच्या अडीच टक्के म्हणजे जवळपास २० लीटर, पाण्याची एक मोठी बादली. गादीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा फार तर दोन-चार टक्क्यांनीच जास्त असतो. त्यातले अडीच गेल्यावर गादीचा ताठपणा कुठून राहणार?

म्हणून गादी भरायची ती झोपायच्या तापमानाला. एसी आधी तासभर चालवा, मग फुगवा. आधीच फुगवलेली असेल तर झोपण्यापूर्वी शेवटचा हात मारून टाइट करा. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीत एसी नसतानाही पहाटे खोली चांगलीच उतरते, तेव्हाही हेच. पंपातून जाणारी हवा मोटरच्या उष्णतेने थोडी तापलेली असते, तोंडाने फुंकलेली तर अंगाइतकी गरम आणि ओलसर. दोन्ही हवा गार होताना आकसतात, त्यामुळे भरून झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा एकदा भरणं हा नेम ठेवावा.

याची उलटी बाजू जास्त महागात पडते. गार खोलीत गच्च भरलेली गादी सकाळी तशीच सोडली, एसी बंद झाला, खिडकीतून ऊन थेट तिच्यावर आलं, की हवा प्रसरण पावते आणि आतले पडदे सुटतात. पाहुणा उठला की बूच उघडून थोडी हवा सोडायची. गच्चीवर उन्हात फुगवून ठेवणं तर अजिबात नको.

व्हॉल्व्ह

घट रोज सारखी असेल तर पहिला संशय इथे घ्या. बऱ्याच गाद्यांना दुहेरी व्हॉल्व्ह असतो. मोठं झाकण फिरवून उघडतं आणि त्याच्या मधोमध छोटं बूच असतं. मोठ्या झाकणाच्या आत रबराचं किंवा मऊ प्लास्टिकचं कडं असतं. गादी जमिनीवर ठेवूनच उघडझाप होते, त्यामुळे त्या कड्यावर केस, धूळ, सतरंजीचा दोरा येऊन बसतो. एक केस पुरेसा आहे.

झाकण पूर्ण काढा. कडं बोटाने फिरवून बघा, ते खाचेत नीट बसलंय का, कुठे पिळलंय का. कोरड्या मऊ कापडाने कडं आणि त्याची बसायची जागा दोन्ही पुसा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचा मोह होतो. तो टाळा, तेलाने रबर फुगतं आणि तेलकट जागेवर धूळ आणखी चिकटते. झाकण बसवताना सरळ बसवून आट्यांत घ्या. तिरकं बसलेलं झाकण हाताला घट्ट लागतं आणि एका बाजूने हवा सोडत राहतं. छोटं बूच नुसतं दाबून भागत नाही, ते पुरतं आत गेलं पाहिजे, बाहेर नुसती चकती दिसायला हवी.

मग अर्धा लीटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा घालून स्प्रेच्या बाटलीत भरा आणि व्हॉल्व्हभोवती फवारा. पंखा बंद ठेवा. इथे घाई करू नका. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, पण रात्रभरात गादी बसवणारी बारीक गळती अर्धा-एक मिनिट काहीच दाखवत नाही. मग झाकणाच्या एका कडेला ताकावर येतो तसा पांढरा बारीक फेस धरायला लागतो आणि हळूहळू वाढतो. तो फेस नेमका कुठे उगवतो ते बघा. झाकण आणि तोंड यांच्या फटीत असेल तर साफसफाईने जातो. व्हॉल्व्हचा प्लास्टिकचा गोल जिथे गादीच्या व्हायनिलला चिकटवलेला असतो तिथे फेस आला, तर तो सांधा सुटलाय. त्यावर घरगुती दुरुस्ती फार टिकत नाही. वॉरंटीत असेल तर त्वरित बदलून घ्या. यासाठीच बिल आणि खोका वॉरंटी संपेपर्यंत फेकायचा नाही.

आत पंप बसवलेल्या गादीत व्हॉल्व्ह पंपाच्या डब्यातच असतो. फुगवा-बंद-सोडा असं फिरवायचं बटण ‘बंद’वर अर्धवट थांबलं तरी हवा जाते. बटण एकदा दोन्हीकडे पूर्ण फिरवून परत ‘बंद’वर आणा. तरीही पंपाच्या जाळीपाशी ओली बोटं धरल्यावर गार झुळूक लागत असेल, तर आतली झडप नीट बसत नाही. तो डबा उघडू नका आणि त्यावर साबणाचं पाणीही मारू नका, आत वीज आहे.

भोक शोधणं

व्हॉल्व्ह स्वच्छ निघाला तर आता गादी. सुईच्या टोकाएवढं, म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर व्यासाचं भोकसुद्धा नेहमीच्या दाबाला आठ तासांत शंभर लीटरच्या आसपास हवा सोडू शकतं. क्वीन गादी जवळपास एक अष्टमांश रिकामी, तेवढ्याने पाहुणा फरशीला टेकतो. त्यामुळे डोळ्यांना दिसेल असं भोक शोधू नका.

गादी नेहमीपेक्षा किंचित जास्त फुगवा आणि उलटी करा, पालथी बाजू वर. भोकं जास्त करून याच बाजूला असतात, कारण फरशीवरची वाळू इथेच घासते. कडेच्या शिवणीपासून सुरुवात करा. एका वेळी दोन वीत जागा ओली करा, थांबा, बघा, पुसा, पुढे सरका. कोपरे आणि घडी पडते त्या रेषा नीट तपासा. सगळीकडे एकदम फवारलं की कुठला फेस नवा आणि कुठला फवाऱ्याचाच, हे कळत नाही. सापडलं की तिथेच बॉलपेनने गोल करा, पाणी वाळल्यावर जागा हरवते.

वरच्या मखमली बाजूला साबण चालत नाही, फेस त्या लवेतच जिरतो. तिथे तळहात ओला करून इंचभर अंतरावरून फिरवा, किंवा ओठाच्या वरची जागा जवळ न्या, तिथली त्वचा झुळूक लगेच पकडते. शांत वेळी कान लावूनही सापडतं. दुसऱ्या कोणाला तरी गादीवर गुडघे टेकून बसवा म्हणजे दाब वाढेल.

भोक सापडलं की ते कशाने पडलं तेही शोधा, नाहीतर पुढच्या महिन्यात शेजारी दुसरं पडेल. नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत: केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, जोडवी आणि पैंजणाचं टोक, प्लास्टिकच्या चटईची कापलेली कड, काथ्याचं पायपुसणं. डासांची कॉइल गादीच्या कडेला ठेवली जाते, तिची ठिणगी किंवा तुटलेला निखारा व्हायनिलला क्षणात भोक पाडतो. कॉइल गादीपाशी ठेवूच नका, मच्छरदाणी लावा.

पॅच

बहुतेक पॅच का निघतात? मखमलीवरच चिकटवले म्हणून, गादीत हवा असताना चिकटवले म्हणून, आणि चुकीचा गोंद वापरला म्हणून.

हवा पूर्ण काढा आणि ती जागा सपाट फरशीवर पसरा. मखमली बाजू असेल तर पॅचपेक्षा थोड्या मोठ्या गोलातली लव बारीक पॉलिश पेपरने घासून काढा, खालचं गुळगुळीत व्हायनिल दिसेपर्यंत. जोर लावू नका, पातळ व्हायनिलच घासून जाईल. सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, दहा मिनिटं वाळू द्या. पॅच गोल कापा, चौकोनी पॅचचा कोपरा आधी उचकटतो. भोकाच्या चहूबाजूंनी किमान अडीच सेंटीमीटर पॅच बाहेर हवा. गादीबरोबर आलेला पॅच सर्वांत चांगला. तो हरवला असेल तर पोरांच्या फाटलेल्या फुगवायच्या ट्यूबचं किंवा बीच बॉलचं व्हायनिल चालतं, सायकलच्या ट्यूबचं रबर नाही.

गोंद हा व्हायनिलसाठीचाच हवा, जो पीव्हीसीला किंचित विरघळवून जोडतो आणि वाळल्यावर लवचीक राहतो. स्विमिंग पूल, रेनकोट, ताडपत्री यांच्या दुरुस्तीसाठी मिळतो तो. फेविक्विक लावल्यावर पॅच पहिल्या रात्री घट्ट बसतो आणि दुसऱ्या रात्री कुरकुरत सुटतो, कारण ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि गादी तर सारखी वाकते. एम-सीलचंही तसंच. नळाच्या पाइपचं सोल्युशन कडक पाइपसाठी आहे, पातळ व्हायनिल त्याने सुरकुततं. सायकल पंक्चरचं सोल्युशन रबरासाठी बनवलेलं आहे, व्हायनिलमधलं तेल सुटत जातं तशी त्याची पकड ढिली होते. अडीअडचणीला एक-दोन रात्री काढून देईल, एवढंच.

गोंदाचा पातळ थर दोन्ही बाजूंना लावा, ट्यूबवर लिहिलेला वेळ थांबा, पॅच मधून कडेकडे दाबत बसवा म्हणजे आत हवा अडकणार नाही. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर पाच किलोचं सपाट वजन, आणि २४ तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात ३६ तास धरा. आधी अर्धी फुगवून साबणाने तपासा, मग पूर्ण.

शिवणीतली गळती दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तर सोडून द्या. सांध्याच्या घडीवर पॅच सपाट बसत नाही, एका बाजूने बंद केलं की दुसरीकडून उघडतं.

पाठीवर फुगा आला असेल तर

गादीच्या आत वरचा आणि खालचा पापुद्रा धरून ठेवणारे व्हायनिलचे पडदे असतात. काही गाद्यांत, उदाहरणार्थ इंटेक्सच्या फायबर-टेक प्रकारात, त्या पडद्यांऐवजी पॉलिस्टरच्या हजारो बारीक धाग्यांचे पट्टे असतात. तेच गादीला सपाट ठेवतात. एखादा पडदा आतून सुटला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि तिथे गादी डोंगरासारखी वर येते. शेजारच्या पडद्यावर ताण वाढतो आणि आठवड्याभरात तोही जातो.

याला दुरुस्ती नाही. जोड आत आहे, तिथे हात पोहोचत नाही. फुगा बारीक असेपर्यंत दाब कमी ठेवून एक-दोन रात्री काढता येतील, पण ज्येष्ठांना त्यावर झोपवू नका. कारण मात्र समजून घ्या: गच्च फुगवणं, ऊन, मुलांच्या उड्या, आणि कडेवर एकाच जागी धपकन बसणं. खोक्यावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते (सिंगलला १३६ किलो, क्वीनला २७२ किलो असे आकडे नेहमी दिसतात), पण ती पसरून झोपलेल्या वजनासाठी आहे. कडेवर बसून चपला घालणारा ८० किलोचा माणूस सगळा भार दोन-तीन पडद्यांवर टाकतो.

किती फुगवायची? कुशीवर झोपून बघा. खांदा दोन-तीन बोटं आत जायला हवा, आणि मधोमध बसल्यावर बूड फरशीला टेकता कामा नये. बोटाने टिचकी मारल्यावर डग्गा वाजावा इतकी ताठ गादी ना आरामाची, ना टिकाऊ.

पंपाच्या तक्रारी

‘पंप चालतो, पण गादी भरत नाही’ याचं कारण बहुतेक वेळा नोजल. पंपाबरोबर तीन मापांचे नोजल येतात, चुकीचं लावलं की कडेने हवा परत येते. नोजल व्हॉल्व्हमध्ये बसवून हाताने घट्ट धरा. मिनिटाला ४००-५०० लीटर हवा टाकणारा साधा विजेचा पंप क्वीन गादी दोन मिनिटांत भरतो. हे छोटे पंप सलग चालवायचे नसतात, डब्यावर किती मिनिटांनी विश्रांती द्यायची ते लिहिलेलं असतं.

गाडीच्या टायरचा कॉम्प्रेसर वापरू नका. तो दाब खूप देतो, पण हवा मिनिटाला जेमतेम २५-३० लीटर. क्वीन गादीला अर्धा तास लागेल, यंत्र तापेल, आणि शेवटी दाबाला आवर राहणार नाही.

लाइट जातात तिथे हातपंप घरात असावाच. वर-खाली दोन्ही वेळा हवा टाकणारा, प्रत्येक बाजूला दोन लीटरचा पंप घ्या. सिंगल गादीत साधारण ४७० लीटर हवा मावते, म्हणजे सव्वाशेच्या आसपास हात मारावे लागतात. पाच-सात मिनिटांचं काम आहे.

एक वेगळी तक्रार परदेशातल्या नातेवाइकांकडून आलेल्या गाद्यांची. अमेरिकेत घेतलेल्या गादीचा आतला पंप १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट. नुसता पिनेचा आकार बदलणारा अडॅप्टर लावून तो चालू केला की काही सेकंदांत जळका वास येतो आणि पंप गेला. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, पंपावर लिहिलेल्या वॉटच्या दीडपट क्षमतेचा. गादीला पंपाव्यतिरिक्त वेगळा व्हॉल्व्ह असेल तर आतल्या पंपाला हातच लावू नका, बाहेरच्या पंपाने भरा.

नवी घ्यायची तर

आमचं स्पष्ट मत: फ्लॅटमध्ये वर्षातून आठ-दहा रात्री पाहुणे येत असतील तर २२ ते २५ सेंमी उंचीच्या दोन सिंगल गाद्या आणि एक वेगळा पंप घ्या. आत पंप असलेल्या एका उंच क्वीन गादीच्या पैशांत हे सहज बसतं. पंप बिघडला तर पंप बदलतो, गादी राहते. एक गादी गेली तरी दुसरी आहे. आणि डबल गादीवर दोघं झोपले की एकाच्या कुशीबरोबर दुसरा हलतो, जड माणसाकडे हलका घरंगळतो. दोन सिंगल शेजारी लावल्या की ही कटकट नाही. सिंगल म्हणजे साधारण ९९ सेंमी रुंद, १९१ सेंमी लांब. सहा फुटांच्या माणसाला पुरते, त्याहून उंच असेल तर लांबी मोजूनच घ्या.

गुडघेदुखी असलेले आजी-आजोबा येणार असतील तर मात्र हिशेब बदलतो. जमिनीलगतच्या गादीवरून उठणं त्यांना जमत नाही. ४२-४५ सेंमी उंचीची गादी घ्या, भिंतीला लावून ठेवा, शेजारी पक्की खुर्ची ठेवा. त्याहून चांगलं म्हणजे त्यांना आपला पलंग द्या आणि हवेची गादी आपण घ्या.

दुकानात खोकं हातात आल्यावर वरचे फोटो सोडा, मागची बाजू वाचा: व्हायनिलची जाडी, आत पडदे आहेत की धाग्यांचे पट्टे, पॅच दिलाय का, व्हॉल्व्ह कोणता, वॉरंटी किती महिन्यांची. फोटोत कापडी दिसणारी लव फक्त वरच्या बाजूला असते, त्याने चादर सरकत नाही एवढाच तिचा उपयोग. जाड व्हायनिल आणि धाग्यांचे पट्टे यांना थोडे जास्त पैसे द्यावेत. आत बसवलेली उशी, कप ठेवायची जागा, दिवे यांना एक रुपयाही नको.

पाहुणे दर पंधरवड्याला येत असतील तर हवेची गादी घेऊच नका. तीन घड्यांची फोमची गादी घ्या, ती सोफ्यामागे उभी राहते आणि पंक्चर होत नाही.

आणि बाळ. अमेरिकेत अशा गाद्यांवर १५ महिने आणि त्याहून लहान मुलांना झोपवू नये असा इशारा छापलेला असतो. गादी थोडी जरी बसली तरी बाळाचं तोंड खळग्यात किंवा गादी आणि भिंत यांच्या फटीत दबतं आणि ते स्वतःला सोडवू शकत नाही. आईशेजारीसुद्धा नको. बाळाला खाली सतरंजीवर पातळ, घट्ट गादी द्या.

अंथरूण

हवा भरली म्हणजे बिछाना झाला असं नाही. ‘गादी बरोबर होती पण थंडी वाजली’ आणि ‘घामाने जाग आली’ या दोन्ही तक्रारी अंथरुणाच्या आहेत. आतली हवा फरशीचा गारवा थेट पाठीपर्यंत आणते आणि अंगावर कितीही पांघरलं तरी थंडी खालूनच लागते. हिवाळ्यात गादीच्या वर, पाठीखाली, एक गोधडी घाला. पांघरायला दुसरी शाल देण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त. उन्हाळ्यात आणि कोकणात उलट अडचण: व्हायनिल घाम शोषत नाही. तिथे जाड सुती सतरंजी आणि वर सुती चादर. पॉलिस्टरची चादर नको.

गादीखालीही सतरंजी हवी, पण आधी फरशी ओल्या फडक्याने पुसून. गुळगुळीत टाइलवर गादी सरकते, कूस बदलली की करकरते. हे दोन्ही सतरंजीने थांबतं आणि वाळूपासूनही वाचवतं. चादर सुटत असेल तर चारही कोपऱ्यांना गाठी मारून त्या गादीखाली सरकवा.

ठेवताना

पुढच्या वेळची निम्मी गळती घडी घालताना तयार होते. हवा पंपाच्या ओढायच्या तोंडाने पूर्ण काढा, गादी कोरड्या फडक्याने पुसा, खालच्या बाजूला चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा म्हणजे व्हायनिल स्वतःला चिकटणार नाही. पावसाळ्यात दोन तास पंख्याखाली वाळवा, नाहीतर मखमलीवर बुरशीचे काळे ठिपके धरतात. घडी घट्ट, टोकदार नको, सैल गुंडाळी करा, आणि दर वेळी वेगळ्या रेषेवर. त्याच रेषेवर पाच वेळा दुमडलेलं व्हायनिल तिथेच फुटतं.

माळा ही सर्वांत वाईट जागा, स्लॅबखाली तापतो आणि तिथे उंदीर असतात. कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या उशीच्या खोळीत ठेवा. डांबराच्या गोळ्या त्या खणात टाकू नका, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ आणि चिकट होतं. त्याच खोळीत पंप, तिन्ही नोजल, उरलेले पॅच आणि एक चिठ्ठी ठेवा: शेवटची कधी वापरली, पॅच कुठल्या कोपऱ्यात मारलाय, कोणतं नोजल लागतं.